आईची पळी १८ ग्रॅमची

जानेवारीत रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, २६० होतं आणि वजन ८६ किलो ४०० ग्रॅम. डॉक्टरांनी लगेच औषध दिलं नाही. म्हणाले, "तीन महिने काय खाता ते लिहा, कमी करा, मग बघू." कमी करण्याचं माहीत नाही, पण लिहिणं मला जमतं. एकवीस वर्षं अकाउंट्समध्ये गेली आहेत. कुठलीही गोष्ट जमा-खर्चात मांडली की मला निम्मं बरं वाटतं. त्याच संध्याकाळी कॅलरी मोजायचं एक अ‍ॅप फोनवर घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहापासून भरायला सुरुवात केली.

पाच आठवडे इमानदारीनं भरलं. रोजची बेरीज १,६५० च्या आगेमागे. या हिशोबानं महिन्याला दोन किलो सहज उतरायला हवे होते. उतरलं अर्धा किलो, आणि तेही सकाळी रिकाम्या पोटी, चष्मा काढून काट्यावर उभं राहिल्यावर. बायको म्हणाली, "ऑफिसात खात असशील काहीतरी." ऑफिसात मी खरंच काही खात नव्हतो. खातेवहीत शिल्लक जुळत नसली की आम्ही आधी मोठ्या रकमा तपासत नाही, रोज येणाऱ्या आणि म्हणून कुणी न बघितलेल्या नोंदी तपासतो. तसंच बघायला बसलो.

भेंडीपाशी अडकलो. अ‍ॅपमध्ये 'भेंडीची भाजी, घरगुती, १ वाटी' याच नावाच्या तीन नोंदी होत्या. एकीत ७२ कॅलरी, दुसरीत ११८, तिसरीत २०५. मी अर्थातच पाचही आठवडे ७२ वाली लावत होतो. गंमत म्हणजे तिन्ही खोट्या नव्हत्या. १०० ग्रॅम भेंडीत स्वतःच्या अशा कॅलरी जेमतेम तिसाच्या घरात. १०० ग्रॅम तेलात ८८४. म्हणजे वाटीत भेंडी किती आहे याला काही अर्थच नव्हता, ती कुणाच्या घरच्या कढईतून आली एवढाच प्रश्न होता. आमच्या घरची कढई आईच्या हातात आहे.

आईचं वय ७३. इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या या घरात ती लग्न होऊन आली तेव्हापासून सकाळचा स्वयंपाक तिचा. तेलाचा ५ लिटरचा कॅन ओट्याखाली, त्यातलं तेल स्टीलच्या किटलीत, किटलीत पळी. मी विचारलं, "भाजीला तेल किती घालतेस?"

"लागेल तेवढं."

"म्हणजे किती?"

"म्हणजे भाजी खाली लागणार नाही एवढं. का, वास येतोय का तेलाला?"

शनिवारी बर्तन बाजारात जाऊन ५ किलोपर्यंतचा डिजिटल काटा आणला. वाटी ठेवली, शून्य केलं आणि आईला म्हटलं, रोजच्यासारखी एक पळी घाल. १८ ग्रॅम. पुन्हा घातली, २१. तिसऱ्यांदा १६. सरासरी १८ धरली, तर एका पळीला १५९ कॅलरी. भेंडीला ती दोन पळ्या घालते आणि नंतर झाकण काढून बघितल्यावर "कोरडी दिसतेय" म्हणून कडेनं आणखी थोडं. हे 'कडेनं थोडं' कुठल्याच मापात बसत नव्हतं.

दोन दिवसांत कळलं की पळ्या मोजणं निरुपयोगी आहे. पळी मोजायची नाही, किटली मोजायची. स्वयंपाकाच्या आधी भरलेली किटली काट्यावर ठेवायची, शून्याचं बटण दाबायचं, किटली उचलून हवं तसं वापरायचं, भाजी झाली की परत ठेवायची. काटा उणे आकडा दाखवतो. उणे ४२ म्हणजे ४२ ग्रॅम तेल गेलं. आईला हातातली पळी बदलावी लागत नाही, विचारावंही लागत नाही. एक जुनी चूकही इथेच सापडली: आधी मी मिलिलिटर आणि ग्रॅम एकच धरत होतो. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, म्हणून लिटरच्या पाकिटावर ९१० ग्रॅम छापलेलं असतं. हा फरक लहान, पण माझ्यासारख्याला झोप येत नाही.

मग वाटणीचा प्रश्न. ४२ ग्रॅम तेल कढईत गेलं, माझ्या पोटात किती? रिकाम्या कढयांची वजनं एकदाच करून कागदावर लिहिली आणि कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. त्या दिवशी अर्धा किलो भेंडीची शिजून ३८० ग्रॅम भाजी झाली. माझ्या ताटात ११० ग्रॅम आली, म्हणजे १२ ग्रॅम तेल, म्हणजे १०७ कॅलरी, त्याही नुसत्या तेलाच्या. ७२ ची नोंद त्या दिवशी काढून टाकली.

रस्स्याला ही वाटणी लागू पडत नाही, हे मात्र सांगायला हवं. आमच्याकडे उसळीवर तर्री येते, आणि तर्री कुणाच्या ताटात जाते ते वाढणाऱ्याच्या प्रेमावर ठरतं. आई मला वरून वाढते आणि स्वतः तळातलं घेते. वजनानं आमच्या वाट्या सारख्या, पण तेलानं नाहीत. मी वाढण्याआधी ढवळायला लागलो. आईला ते आवडलं नाही, अजूनही आवडत नाही.

पोळ्यांचं तर मी कधी मनातही आणलं नव्हतं. अ‍ॅपमधली 'चपाती १' ही फुलका असते: कणीक, पाणी, संपलं. आमची पोळी घडीची. कणीक मळताना तेल, घडीत तेलाचं बोट, भाजताना कडेनं. १४ पोळ्यांमागे किटली उणे ३० दाखवायची, म्हणजे पोळीला दोन ग्रॅमहून जरा जास्त. मी दिवसाला पाच खातो. ९५ कॅलरी, ज्या पाच आठवडे कुठेच लिहिल्या गेल्या नव्हत्या. आणि त्यावर तूप.

तुपापाशी उलटी चूक निघाली. तूप आमच्याकडे विकतचं नाही, घरच्या सायीचं. रोज दोन लिटर फुल क्रीम दूध येतं, आई साय काढते, आठवड्याला पाव किलोच्या वर तूप कढवते. मी अ‍ॅपमध्ये दूध लिहिताना फुल क्रीम लिहीत होतो, ६ टक्के फॅटचं. पण साय काढलेल्या दुधात ते ६ टक्के राहतात कुठे? तेच फॅट मी एकदा दुधात लिहीत होतो आणि एकदा पोळीवरच्या तुपात. ऑडिटमध्ये याला दुबार नोंद म्हणतात आणि त्यावरून शिव्या बसतात. तेव्हापासून घरचं दूध ३ टक्क्यांचं, टोन्ड म्हणून लिहितो. नेमकं नाही, पण सत्याच्या जवळ आहे.

तळणाचा दिवस रविवारी आला. पुऱ्या. इथे किटलीची युक्ती चालत नाही, कारण कढईत ओतलेल्या तेलातलं बरंचसं कढईतच उरतं. पुरी तोलावी असं पहिल्यांदा वाटलं. लाटलेली कच्ची पुरी २२ ग्रॅम भरली, तळल्यावर २०. मी खुश! तेल प्यायली तर नाहीच, वर दोन ग्रॅम कमी झाली. मुलगी दहावीत आहे. ती म्हणाली, "बाबा, बुडबुडे कसले येतात?" बुडबुडे पाण्याच्या वाफेचे. तेलात पडली की पुरीतलं पाणी वाफ होऊन बाहेर जातं आणि त्याच्या जागी तेल शिरतं. पाणी जास्त गेलं आणि तेल कमी आलं तर वजन घटलेलं दिसणार, आणि आपण तेल खाल्लेलं असणारच. पुरी तोलून काही कळत नाही. तोलायचं ते तेल.

पुढच्या रविवारी कढई तेलासकट आधी तोलली आणि पुऱ्या झाल्यावर पूर्ण निवल्यावर पुन्हा तोलली. (गरम कढई काट्यावर ठेवू नका, काचेचा काटा असेल तर अजिबातच नाही. आमचा वाचला तो आईनं ओरडल्यामुळे.) २४ पुऱ्यांत १०८ ग्रॅम तेल गेलं. त्यातलं ९ ग्रॅम कागदानं टिपलं, कागद आधी-नंतर तोलला होता. उरलं ९९, पुरीला चार ग्रॅमहून किंचित वर. सहा पुऱ्या म्हणजे २५ ग्रॅम तेल, २२० कॅलरी. बटाट्याची भाजी वेगळी, श्रीखंड वेगळं. बाफले म्हणजे उकडून भाजलेले कणकेचे गोळे, तुपात बुडवून खायचे. त्यांचं तूप याच रीतीनं मोजलं, पातेलं आधी आणि नंतर: आठ बाफल्यांनी १४० ग्रॅम तूप घेतलं. त्या दिवशी अ‍ॅपमध्ये पुढे काही लिहिलं नाही.

तळणीचं उरलेलं तेल आई गाळून ठेवते आणि एकदोन दिवसांत फोडणीला संपवते. ते मोजलं नाही तर सोमवारची भाजी कागदावर बिनतेलाची दिसते. म्हणून त्या तेलाला वेगळी छोटी किटली केली आणि तिलाही काट्यावर चढायला लावलं.

एव्हाना घरात काट्याचं राजकारण सुरू झालं होतं. भाज्या बेचव व्हायला लागल्या होत्या. कारण समजायला मला दोन आठवडे लागले: काटा ओट्यावर दिसला की आईचा हात आखडत होता. मी तिला कमी घाल असं एकदाही म्हणालो नव्हतो, पण रोज किटली उचलून ठेवणारा माणूस शेजारी उभा असेल तर कुणाचाही हात आखडेल. भेंडी तार सोडायला लागली. कारल्याकडे बघवेना. त्यात फेब्रुवारीत पंतप्रधानांनी रेडिओवर 'मन की बात'मध्ये लोकांना दर महिन्याला १० टक्के कमी तेल वापरायला सांगितलं. आईनं ते ऐकलं आणि मला जेवताना सुनावलं, "त्यांनी दहा टक्के सांगितलंय. तू निम्मं मागतोयस."

"मी कुठे मागितलं?"

"मागितलं नाहीस. लिहितोयस."

यावर मला उत्तर सुचलं नाही. संध्याकाळी ती आपली वही घेऊन आली. लाल कापडाची, लांबट, किराण्याची. तिच्याकडे अशा वह्यांची चळत आहे हे मला माहीत होतं. त्यात काय आहे हे कधी बघितलं नव्हतं. दर महिन्याची यादी, वाण्याचा भाव, आलेली तारीख आणि संपलेली तारीख. संपलेली तारीखही! "तेल महिन्याला पाच लिटर लागतं," ती म्हणाली. "दिवाळीत सात. तुला हेच हवं होतं ना? मला विचारलं असतंस तर काटा नसता आणावा लागला."

पाच लिटर म्हणजे ४ किलो ५५० ग्रॅम. माझ्या किटलीच्या नोंदींप्रमाणे त्या महिन्यात तेल गेलं होतं ३ किलो १५० ग्रॅम. १,४०० ग्रॅमची तफावत! मला अशा रात्री आवडतात. बायको झोपायला गेली, आम्ही दोघं वही घेऊन बसलो.

पहिलं सापडलं समईचं. देवापुढची समई सकाळ-संध्याकाळ, त्याच कॅनमधून, किटलीला न शिवता. दुसऱ्या दिवशी तोलून बघितलं, रोज दहा ग्रॅमच्या आसपास. महिन्याचं ३०० ग्रॅम तेल आम्ही खाल्लंच नव्हतं, ते उजेड होऊन गेलं होतं. दुसरं, काळं पडलं म्हणून फेकलेलं तळणीचं तेल, सुमारे अडीचशे. काही पाहुण्यांचं. आणि बाकीचं, निदान सहा-सातशे ग्रॅम, म्हणजे आखडलेला हात. वहीतला आकडा काटा येण्याआधीच्या महिन्यांचा होता, माझा काटा आल्यानंतरचा. मोजमापानंच मोजायची गोष्ट बदलून ठेवली होती.

तेव्हा खरा हिशोब असा मांडला: साडेचार किलोतून समई आणि फेकलेलं वजा केलं तर चार किलो. चार माणसं, तीस दिवस. माणशी दिवसाला ३३ ग्रॅम तेल आणि वर दहाएक ग्रॅम तूप. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये काढलेल्या आहाराच्या मार्गदर्शिकेत २,००० कॅलरीच्या ताटासाठी तेल-तूप मिळून २७ ग्रॅम दिलं आहे. आम्ही ४३ वर होतो. फार अनाचार नव्हता, पण माझ्या १,६५० च्या बेरजेत या ४३ मधलं अर्धंही आलेलं नसणार. अर्धा किलोचं कोडं तिथं सुटलं.

शेजारच्या काकांनी मध्येच सुचवलं की कच्च्या घाणीचं तेल घ्या, त्यात कॅलरी कमी असतात. नसतात. सोयाबीन, शेंगदाणा, मोहरी, ऑलिव्ह, घाण्याचं की रिफाइंड, ग्रॅमला नऊच्या जवळपास सगळ्यांच्या सारख्या. चव, वास, फॅटी अ‍ॅसिड वेगळी असतात, तो मुद्दा वेगळा. आम्ही सोयाबीनवरच राहिलो. इंदूर माळव्यात, आणि माळवा सोयाबीनचा. इथे राहून दुसरं तेल घरात आणणं म्हणजे थोडं गद्दारीसारखं. सोयाबीनचं राष्ट्रीय संशोधन केंद्रही १९८७ पासून इंदूरलाच आहे.

कमी करायचं कसं, हे मी नाही, आईनंच ठरवलं. तिची आई कढईवर ताट झाकून त्यात पाणी घालायची, भाजी आतल्या वाफेवर शिजायची आणि खाली लागायची नाही. तेव्हा तेल मापून यायचं. ते ताट परत आलं. दुसरं फोडणीचं. मोठ्या कढईत मोहरी तडतडायला तळ झाकेल इतकं तेल लागतं, २५ ग्रॅम तरी. तेच फोडणीच्या छोट्या कढल्यात आठ ग्रॅमला खोली येते आणि मोहरी, हिंग, हळद सगळं नीट फुलतं. आमटी, कोशिंबीर, बऱ्याचशा पालेभाज्या आता वरून फोडणीच्या. भेंडी आणि कारली मात्र जुन्याच तेलात होतात. त्या दोन भाज्यांत मी हात घालायचा नाही असा तह झाला आहे, त्या दिवशी मी पोळी एक कमी खातो.

बाहेरच्या खाण्याचं मोजमाप मला अजून जमलेलं नाही. पोह्यांची मला भीती होती, ती निघाली खोटी: इंदुरी पोहे उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाफेत गरम राहतात, तेल बेताचंच असतं. तेल असतं वरच्या सेवेत. पाकिटावर १०० ग्रॅम सेवेला ५६० कॅलरीच्या आसपास लिहिलेलं असतं, आणि पोहेवाला "भिया, और सेव?" म्हणत मूठ सोडतो ती पंचवीस-तीस ग्रॅमची. मी 'नको' म्हणायला शिकलो, वरून भुरभुरायचा जिरावण मसाला जास्त मागतो. सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, हिवाळ्यात गराडू नावाचा कंद मिळतो, त्याचे तुकडे तळून ठेवलेले आणि देताना पुन्हा तळलेले. तिथे मी आधी अंदाजानं ३०० लिहायचो, आता ४०० लिहितो. खरा आकडा त्या कढईलाच ठाऊक.

रोजचं तोलणं मी एप्रिलमध्ये बंद केलं. आता महिन्याचा हिशोब: कॅन कधी उघडला, कधी संपला, वजा समई, भागिले चार, भागिले दिवस. तेवढा एक आकडा 'घरचं तेल' या नावानं अ‍ॅपमध्ये रोज टाकतो आणि भाज्या नुसत्या उकडलेल्या असल्यासारख्या लिहितो. माझा वाटा थोडा जास्त धरतो, कारण आई पाखरासारखी खाते. मे महिन्यात माणशी २४ ग्रॅम निघाले. वजन जूनच्या पहिल्या आठवड्यात ८१ किलो २०० ग्रॅम, ट्रायग्लिसराइड १७८. डॉक्टरांनी वही बघायला मागितली नाही, याचं मला जरा वाईट वाटलं.

आईच्या वहीत तेलाखाली आता 'समई' अशी वेगळी ओळ असते. जूनमध्ये कैरीचं लोणचं घातलं, त्याला एक किलो तेल एकदम गेलं आणि ती वही घेऊन माझ्याकडे आली. हे सगळं याच महिन्यात लिहायचं का? मी म्हटलं, नाही, लोणचं वर्षभर पुरतं, वर्षावर पसरायचं. एक हजार भागिले चार, भागिले ३६५. दिवसाला माणशी पाऊण ग्रॅमसुद्धा नाही.

"एवढंच?" म्हणाली, आणि बरणी माझ्याकडे सरकवली. "मग घे की आणखी एक फोड."